यकृतकेचा सत्कार

मला शेवाळाची किळस येते, हे आधीच सांगून टाकते. पावसाळ्यात न्हाणीघराच्या फरशीवर हिरवा थर धरला की मी काथ्याचा ब्रश आणि धुण्याचा सोडा घेऊन बसते आणि तो गेल्याशिवाय उठत नाही. बुरशीचंही तेच. पावाच्या कडेला राखाडी ठिपका दिसला तर अख्खा पाव जातो. त्यामुळे आमच्या भागातल्या पर्यावरण मंचाच्या सचिवांनी जेव्हा मला एका दुर्मीळ बुरशीची आणि एका दुर्मीळ यकृतकेची, म्हणजे दगडावर शेवाळासारख्या पसरणाऱ्या एका वनस्पतीची, तुलना करणारं पत्रक लिहायला सांगितलं, तेव्हा मी विचारलं, की यांतलं कुठलंही एक नाहीसं झालं तर कोणाचं काय बिघडणार आहे?

सचिव म्हणाले, "अहो मॅडम, तेच तर पत्रकात लिहायचंय."

सचिव बँकेतून निवृत्त झालेले, मी क्रमिक पुस्तकांची मुद्रितं तपासण्यातून. निवृत्त माणूस फुकट मिळतो असा आपल्याकडे समज आहे आणि तो बरोबर आहे. मी हो म्हटलं.

कार्यक्रमाचा विषय होता, 'बुरशी की यकृतका: आधी कोणाला वाचवायचं?' दोन्ही बाजूंनी एकेक जाणकार बोलणार, प्रमुख पाहुणे निर्णय देणार आणि जिंकलेल्या प्रजातीचं चित्र मंचाच्या पत्रांवर छापलं जाणार. दोघं बुडत असताना काठावर खुर्च्या मांडून टाळ्यांवर निवड करावी, तसला हा प्रकार. पण सचिवांना त्यात वावगं काही दिसत नव्हतं. त्यांच्या मते लोकांना चुरस लागते.

बुरशीची बाजू मांडणारे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांना सगळे 'सर' म्हणायचे आणि तेही स्वतःचा उल्लेख तसाच करायचे. सरांनी मला आमच्या भागातल्या टेकडीच्या पायथ्याची एक वठत आलेली चिंच दाखवली. तिच्या बुंध्याला, कंबरेच्या उंचीवर, बुरशीची एक फळी आली होती. वरून तपकिरी आणि टणक, म्हशीच्या खुरासारखी. खालून पिवळट आणि ओलसर. तिला ओल्या गोणपाटाचा वास येत होता. सर म्हणाले, "हात लावून बघा." मी म्हटलं, माझा विश्वास आहे.

सरांचं सांगणं असं, की जे दिसतं ते नुसतं फळ. खरी बुरशी आत, लाकडात, तंतूतंतूंनी पसरलेली. फळ तोडलं तरी ती आपली आतल्या आत जगते आणि सवडीनं दुसरं फळ काढते. तिला हवीत जुनी, पोकळ, मरायला टेकलेली झाडं, आणि तीच तर नेमकी शहरात कोणी ठेवत नाही. म्हणून ती धोक्यात. "आम्हांला म्हातारी झाडं द्या, बाकी काही नको," असं ते म्हणाले, तेव्हा आवाज इतका मोठा होता की खालच्या रस्त्यावरचा एक फिरायला आलेला माणूस थबकला.

यकृतकेची बाजू मांडणारी मुलगी बिबवेवाडीहून दोन बस बदलून यायची. मुलगी म्हणते मी, पण पस्तिशीची असेल. एका महाविद्यालयात तासांवर शिकवायची; म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी लागली की नाही. तिनं मला टेकडीच्या उत्तरेच्या उतारावर नेलं. तिथं काळ्या खडकाची एक कपार होती, वरून पाणी झिरपत होतं आणि त्या ओलीवर साधारण दोन पोळ्यांएवढा हिरवा थर चिकटला होता. मला आठवण झाली ती न्हाणीघराची. माझा हात आपोआप काथ्याचा ब्रश शोधायला लागला.

तिनं गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं. भिंगातून ते चपटं, दुभंगत गेलेलं, पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी दिसलं. पालीची ओली कातडी पसरून ठेवावी तसं. ना खोड, ना पान, ना मूळ. जुन्या काळी कोणाला तरी त्यात यकृताचा आकार दिसला म्हणून हे नाव, असं ती म्हणाली. मला वाटलं, त्या माणसानं यकृत फार जवळून पाहिलेलं असणार. तिला मात्र ते पाहताना जो आनंद होत होता, तो लोकांना नातवंडं पाहताना होतो.

एका कडेला बारीक काड्यांवर छोट्या छत्र्या उभ्या होत्या. छत्रीखाली टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी बोंडं. "ही पहिल्यांदा आलीत," ती म्हणाली. "तीन पावसाळे वाट बघितली मी." बोंडं पिकून काळी होतील, फुटतील, आतली बीजुकं सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतील, त्यांच्यावरची नक्षी पाहिली की ही खरंच ती नामशेष होत आलेली जात आहे का, हे पक्कं कळेल. शिवाय त्याच बीजुकांपासून दुसरीकडे कुठे ती रुजवून बघता येईल. तिची सगळी वर्षं त्या छत्र्यांखाली लटकत होती. पिकायला अजून तीन आठवडे, असा तिचा अंदाज. कार्यक्रम दोन आठवड्यांवर होता.

तुलना करायला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दोघांत खरा फरक दिसण्याचा आहे. बुरशी लपून असते आणि तिचा थोडासा भाग मिरवते. यकृतका म्हणजे जेवढी दिसते तेवढीच. मागे काही शिल्लक नाही. मला ही गोष्ट पटली, कारण माणसांतही हे दोन प्रकार असतात आणि व्यासपीठावर नेहमी पहिल्या प्रकारची बसतात. पण पत्रकात असलं काही लिहायचं नसतं. मी दोन रकाने आखले. डावीकडे बुरशी, उजवीकडे यकृतका. सचिवांची अट एकच, दोन्ही रकाने सारखे दिसले पाहिजेत, नाहीतर सरांना पक्षपात वाटेल.

उजवा रकाना दीड ओळीनं वाढत होता. त्या मुलीनं लिहून दिलेल्या मजकुरात एक वाक्य होतं: 'यकृतकेचा तुकडा पडला तरी त्यातून नवी वाढू शकते, पण तो अशाच दगडावर, अशाच पाण्यावर राहिला तरच.' मी स्वल्पविरामापुढचं कापलं आणि पूर्णविराम दिला. वाक्य सुटसुटीत झालं. तीस वर्षं मी हेच करत आले होते. रकाने सारखे दिसू लागले आणि मला काम चांगलं झाल्याचं समाधानही वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं, कारण नंतर अल्पोपाहार होता. व्यासपीठावर सात माणसं होती: सचिव, अध्यक्ष, सर, दोन देणगीदार, एक बांधकाम व्यावसायिक, ज्यांचं टेकडीकडे लक्ष असल्याचं सर्वांना माहीत होतं, आणि प्रमुख पाहुणे, एक निवृत्त वरिष्ठ अधिकारी. यकृतकेची बाजू मांडणारी मुलगी व्यासपीठावर नव्हती. खुर्च्या कमी पडल्या, असं सचिवांनी सांगितलं. तिनं तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसायचं आणि बोलायची पाळी आली की वर जायचं, असं ठरलं.

दीपप्रज्वलनात वीस मिनिटं गेली. तेलात पाणी होतं की वातीत, कोण जाणे. मग सचिवांनी जाहीर केलं, की आपला मंच फुलांचे गुच्छ देत नाही, कारण त्यासाठी फुलांची हत्या होते. नारळ देत नाही, शालही देत नाही. त्याऐवजी आज पाहुण्यांना आपण निसर्गाचाच एक दुर्मीळ ठेवा भेट देत आहोत. दोन बायका ताट घेऊन आल्या. ताटात मातीची सात बोळकी, प्रत्येकाला जांभळी फीत. प्रमुख पाहुण्यांनी आपलं बोळकं छातीपाशी धरलं आणि छायाचित्रासाठी थोडं पुढं कलतं केलं.

शेजारची मुलगी एकदम निश्चल झाली. मग अगदी हळू म्हणाली, "मॅडम, ते माझं आहे."

मला आधी कळलंच नाही. मग बोळक्यातून वर आलेल्या दोन बारीक छत्र्या दिसल्या.

ती उठून व्यासपीठाच्या पायऱ्यांपर्यंत गेली. सचिवांना वाटलं हिला छायाचित्रात यायचंय. त्यांनी हातानंच, नंतर, नंतर, अशी खूण केली. तिला बोलायची पाळी आली तेव्हा तिनं ध्वनिक्षेपकासमोर उभं राहून एवढंच सांगितलं, की कृपया ही बोळकी इथंच ठेवून जा, ती परत दगडावर लावायची आहेत. लोकांना ते छोटं पण प्रभावी भाषण वाटलं. टाळ्या पडल्या. निर्णय बुरशीच्या बाजूनं लागला. अल्पोपाहारात साबुदाण्याचे वडे होते, गार. ते संपेपर्यंत पाहुणे आपापल्या गाड्यांतून आपापली बोळकी घेऊन गेले होते.

आम्ही सचिवांना बाजूला घेतलं. त्यांनी सकाळी सोसायटीच्या माळ्याला खुरपं देऊन टेकडीवर पाठवलं होतं. जागा तिनंच त्यांना दाखवली होती, फलकावरच्या छायाचित्रासाठी. माळ्यानं दगड स्वच्छ खरवडला होता, हे ते कौतुकानं सांगत होते. तिनं विचारलं, "जे वाचवायचं म्हणून सभा घेतली, तेच काढून वाटलंत?"

सचिव दुखावले. त्यांनी खिशातून पत्रक काढलं आणि उजव्या रकान्यावर बोट ठेवलं. "तुकडा पडला तरी त्यातून नवी वाढू शकते. हे आमचं नाही हो, मॅडमनीच लिहिलंय. उलट सात ठिकाणी वाढेल आता."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचं मूळ वाक्य तिला पाठ असणार. त्या संध्याकाळी जे जे ओंगळ वाटलं होतं, तेलापासून वड्यांपर्यंत, त्यात सगळ्यांत वर माझा तो पूर्णविराम जाऊन बसला.

दिलेली भेट परत मागायला सचिव तयार नव्हते. मंचाच्या अब्रूचा प्रश्न होता. तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच रिक्षा करून निघालो. मी बरोबर जाणार हे तिनं मान्यही केलं नाही आणि नाकारलंही नाही.

निघायच्या आधीच सर माझ्या दारात आले. त्यांच्या हातात त्यांचं बोळकं होतं, ओल्या रुमालानं झाकलेलं. फीत काढून टाकलेली. ते म्हणाले, की स्टेजवरच ओळखलं होतं, पण त्या वेळी बोलायचं धैर्य झालं नाही. रात्रभर पावसाचं साठवलेलं पाणी शिंपडत बसलो. हे त्यांनी इतक्या लहान आवाजात सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं. जिंकलेल्या बाजूच्या माणसानं एवढं केलं, हे मी इथं नोंदवून ठेवते, कारण पुढं नोंदवण्यासारखं फार थोडं आहे. त्यांच्या तुकड्याला छत्र्या मात्र नव्हत्या.

बांधकाम व्यावसायिकाच्या कचेरीत बोळकं काचेच्या टेबलावर, दिव्याच्या झोताखाली आणि वातानुकूलन यंत्राच्या तोंडाशी ठेवलं होतं. आतलं हिरवं करपून कागदासारखं झालं होतं. एका देणगीदाराच्या घरी ते तुळशीला वाहिलं होतं, हळदकुंकवासकट. दुसऱ्यानं त्यात गांडूळखत भरलं होतं, लवकर वाढावं म्हणून. अध्यक्ष गाडीच्या मागच्या काचेत विसरले होते, दुपारभर उन्हात. सचिवांच्या बोळक्यात क्लोरीनचा वास येणारं नळाचं पाणी काठोकाठ भरलं होतं, आणि त्यात ती पट्टी तरंगत होती, चहात पडलेल्या सायीसारखी. प्रत्येक ठिकाणी ती भिंग लावून बघायची, मान हलवायची आणि डबीत काहीतरी घ्यायची किंवा घ्यायची नाही. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आम्हांला पर्यावरणाचं महत्त्व सांगायचं.

राहिलं वारज्याचं. प्रमुख पाहुण्यांचं, ज्यांनी संध्याकाळचीच वेळ दिली होती. छत्र्या त्यांच्याच बोळक्यात आहेत हे तिला सभागृहातच दिसलं होतं, म्हणजे हे शेवटचं होतं आणि हेच होतं.

साहेबांनी आम्हांला बसवलं आणि काम विचारायच्या आधी भिंतभर कपाट दाखवलं. त्यात स्मृतिचिन्हं होती: काचेची, पितळेची, एक लाकडी नांगर, एक सोनेरी पेन उभं. माझ्या मनात आलं, चिंचेवरची ती बुरशीची फळी यापेक्षा पुष्कळ देखणी होती. तिनं काम सांगितलं. साहेबांना वाटलं तिला शिफारसपत्र हवंय. ते देता येणार नाही, असं ते सांगू लागले. तिनं पुन्हा सांगितलं.

"परत?" साहेब म्हणाले. "अहो, सन्मान परत कसा मागता येईल?" पण त्यांनी आत हाक मारली. "अगं, ती कालची हिरवी भेट कुठंय?"

बाईंचा आवाज आला, "त्यात विरजण लावलंय."

साहेबीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. बोळकं छान होतं, म्हणाल्या. मातीतलं दही गोड लागतं. वरचं? वरचं शेवाळ होतं, ते धुवून टाकलं. साबण नाही लावला, दही लावायचं होतं ना.

"कुठं धुतलंत?" मुलीनं विचारलं.

स्वयंपाकघरामागं भांडी घासायची जागा होती, एक नळ, एक मोरी, मोरीवर जाळी. ती पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून उकिडवी बसली. जाळीवर भाताची शितं, चहाचा चोथा, खरकट्याचा तो आंबूस थर, ज्याकडे पाहून मी स्वतःच्या घरीसुद्धा तोंड फिरवते. चिमट्यानं ती एकेक गोष्ट बाजूला काढत होती. साहेब दारात उभे राहून जैवविविधतेवर बोलत होते. माझ्या आयुष्यात मी जी भाषणं ऐकली, त्यांत एवढं सलग भाषण एवढ्या खाली वाकलेल्या माणसाच्या डोक्यावरून गेलेलं मी पाहिलं नव्हतं. शेवटी बाईच म्हणाल्या, "अहो, तुम्ही आत बसा बघू." आणि मी ते पहिलं शहाणं वाक्य ऐकलं.

बाईंनी मोबाइलचा उजेड धरला. मी हातावर कागद पसरून बसले आणि तिनं बाजूला काढलेली शितं त्यावर घेत गेले. किळस येत होती, पण कशाची, हे आता नीट सांगता आलं नसतं.

जाळीच्या कडेला, चोथ्याखाली, नखाएवढी पट्टी सापडली. तिच्यावर एक छत्री होती, वाकलेली. दुसरी मोडली होती. मुलीनं भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"जगेल का गं?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. कच्ची आहेत अजून."

बाईंनी कुंकवाची एक जुनी चांदीची डबी रिकामी करून दिली. तुमच्याकडच्या प्लास्टिकच्या डबीत ते घामेजेल, म्हणाल्या. आधी सांगायचं होतं ना कोणीतरी, असंही म्हणाल्या. आणि आम्हां दोघींना त्या बोळक्यातलं दही दिलं. नाही म्हणता आलं नाही. दही खरंच गोड होतं, आणि तिनंही ते संपवलं.

पुढचे दिवस ती पट्टी बिबवेवाडीत, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेच्या झाकणाखाली राहिली. तिच्या आईनं त्या खिडकीशी फोडणी करायचं बंद केलं. आई टपालखात्यातून निवृत्त झालेल्या. पत्ता चुकलेलं पाकीट सांभाळावं तसं त्यांनी ते सांभाळलं. मी एक दिवसाआड जायची. तिनं या म्हटलं नव्हतं, पण दार उघडायची. एकदा मी माफी मागायला सुरुवात केली, तर म्हणाली, "मॅडम, ते वाक्य मीच दोन वाक्यांत लिहायला हवं होतं." हे माफ करणं नव्हतं. मुद्रितशोधकाला दिलेली दुरुस्ती होती, आणि ती बरोबर होती.

तिचा अंदाज केव्हाच उलटून गेला होता, तेव्हा सोळाव्या दिवशी सकाळी तिनं फोन करून बोलावलं. त्या छत्रीखालच्या तीन बोंडांपैकी दोन कुजली होती. तिसरं काळं झालं होतं आणि आम्ही बघत असताना फुटलं. भिंगाखाली काळी पूड उडाली, आणि त्या पुडीत बारीक स्प्रिंगा वळवळत होत्या, बीजुकं दूर फेकायला. मला पुन्हा किळस आली, खोटं कशाला बोलू. पण मी मान फिरवली नाही.

थोडी पूड काचपट्टीवर गेली. नक्षी तीच निघाली. तिला नाव लावता आलं. उरलेली पूड आणि सरांकडचा तुकडा तिनं एका ओल्या सकाळी कपारीत लावला. जुन्या नव्हे. खरवडलेला दगड तिला नको होता. तसाच खडक, तसंच उत्तरेचं तोंड, तसंच पाणी असलेली दुसरी जागा तिनं शोधली होती.

महिनाभरानं सचिवांनी विचारलं, आपली ती यकृतका कशी आहे? मी म्हटलं, गेली. ते खरोखर हळहळले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "शोकसभा ठेवू या का?"

ठेवली. दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली. साहेब बोलले, बांधकाम व्यावसायिक बोलले. ती मुलगी माझ्या शेजारी उभी होती आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. सभेत ठराव झाला, की जुन्या खडकाजवळ फलक लावावा. आता तिथं हिरव्या रंगाचा लोखंडी फलक आहे, 'येथे यकृतका होती', खाली सातही मान्यवरांची नावं. रविवारी लोक तिथं जातात, फलकाशेजारी उभं राहून छायाचित्रं काढतात, बिस्किटांचे कागद टाकतात. खडकाला चुना फासलाय.

तिला मी एकदा विचारलं, हे सगळं बघून ओकारी येत नाही का? ती म्हणाली, "येऊ दे मॅडम. लोक तिकडे जातात, तेच बरंय."

यंदाच्या पावसात त्या दुसऱ्या कपारीत करंगळीच्या नखाएवढं काहीतरी हिरवं धरलंय. तिनं भिंग लावून पाहिलंय आणि मीही. कपार कुठं आहे ते मी इथं लिहीत नाही, आणि त्या जातीचं नावही.